पाव, पगार आणि पेरू : शब्दाचे मूळ ठरवायचे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे. सातवीत शिकणाऱ्या तुमच्या मुलीला शाळेने घरातल्या वस्तूंची नावे आणि त्यांचे मूळ हा प्रकल्प दिला. तिने साठेक शब्दांचा तक्ता केला आणि मग गोंधळ सुरू झाला. मोबाइलवर आलेल्या एका यादीत ‘बटाटा’ पोर्तुगीज आहे, तर दुसरीत तो कॅरिबियन बेटांवरचा आहे. ‘साबण’ एकीकडे पोर्तुगीज, तर दुसरीकडे अरबी. शेजारच्या आजोबांनी सांगितले की पिठाचा गोळा पायांनी तुडवत म्हणून त्याला ‘पाव’ म्हणू लागले. आणखी एका संदेशात इंग्रजी ‘नेम’ हा शब्द संस्कृत ‘नाम’वरून निघाल्याचे लिहिले होते. यातले खरे काय मानावे हा तुमचा प्रश्न, आणि सगळेच बाहेरून आले असेल तर मराठीचे स्वतःचे काय उरले, हा मुलीचा.

गेली तीस वर्षे मी शब्दकोशांच्या संपादनाचे काम करतो. या अनुभवावरून सांगतो की तुमच्या याद्यांमधला बराचसा विरोध खरा नाही. ‘हा शब्द कुठला?’ असे आपण विचारतो तेव्हा एका दमात दोन प्रश्न विचारलेले असतात. हा शब्द मराठीला कोणी दिला, हा एक. तो मुळात कुठे जन्मला, हा दुसरा. दत्तक मुलाच्या बाबतीत जसे दोन्ही घरे खरी असतात, तसेच इथेही आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर राहणारे ताइनो लोक रताळ्याच्या कंदाला ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी तो शब्द उचलला, पुढे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या एका कंदालाही तेच नाव लागले, आणि पोर्तुगीजांनी तो कंद व ते नाव कोकण किनाऱ्यावर आणले. म्हणजे तुमच्या दोन्ही याद्या बरोबर आहेत. त्या फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ‘काजू’ आणि ‘अननस’ यांचेही तसेच आहे. दोन्ही शब्द ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषांतून पोर्तुगीजांनी घेतले आणि आपल्याला दिले. तेव्हा तक्त्यात ‘मूळ’ असा एकच रकाना ठेवू नका. ‘मराठीला कोणाकडून मिळाला’ आणि ‘त्याआधी कुठला’ असे दोन रकाने केलेत, तर अर्धे भांडण तिथेच मिटेल.

उरलेले अर्धे भांडण पुराव्याचे आहे. एखादा शब्द अमुक भाषेतून आला असे म्हणताना मी तीन गोष्टी पाहतो. ध्वनी नियमाने जुळतो का, ती वस्तू किंवा कल्पना त्या वाटेने आली असा इतिहास आहे का, आणि शेजारच्या भाषांत त्या शब्दाचे रूप काय आहे. नुसते साम्य हा पुरावा नव्हे. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट, ज्यावरून आपला ‘बदनाम’ आला, आणि इंग्रजीतही ‘बॅड’ म्हणजे वाईटच. ध्वनी जवळचा, अर्थ तोच, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हे एक उदाहरण मनात पक्के ठेवले, तर मोबाइलवरच्या याद्या वाचताना आपोआप सावधपणा येतो.

आता पाव घेऊ. पोर्तुगीजमध्ये भाकरी-ब्रेड या अर्थाचा शब्द ‘पांव’ असा काहीसा, शेवट नाकातून काढून उच्चारला जातो. गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडे होता. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत उत्तर कोकणाचा मोठा पट्टा त्यांच्याच ताब्यात होता. भट्टीत भाजलेला, आंबवलेल्या मैद्याचा हा पदार्थ आपल्याकडे त्यांच्याबरोबर रुळला. ध्वनी, वस्तू आणि वाट तिन्ही जुळतात. आजोबांनी सांगितलेली गोष्ट मात्र शब्द आल्यानंतर रचलेली आहे. मराठीत ‘पाव’ हा आणखी एक शब्द आधीपासून होता. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय, आणि चार पायांपैकी एक म्हणून चौथा भाग. त्यातूनच आपला ‘पाय’ आणि पावशेरातला ‘पाव’ आले. उच्चार एकच झाला की माणसाचे मन त्या दोन शब्दांमध्ये नाते शोधू लागते, आणि नाते नसेल तर गोष्ट रचून ते जोडते. अशा गोष्टी सगळ्या भाषांत असतात आणि त्या ऐकायला फार चांगल्या वाटतात. माझा अनुभव असा, की एखाद्या शब्दाच्या जन्माची कथा जितकी रंगतदार, तितका तिचा पुरावा अधिक बारकाईने मागावा. आजोबांना मात्र खोडून काढू नका. मुलीला त्यांची गोष्टही तक्त्याखाली ‘लोकसमजूत’ म्हणून लिहू द्या, कारण लोक शब्दांकडे कसे पाहतात हेही त्यातून कळते.

ध्वनी नियमाने जुळणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. भाषेतले उच्चार लहरीप्रमाणे बदलत नाहीत. एखादा बदल झाला की तो त्या परिस्थितीतल्या जवळजवळ सगळ्या शब्दांना लागू होतो. संस्कृतातून प्राकृतात, म्हणजे मधल्या काळातल्या बोलभाषांत, आणि तिथून मराठीत येताना जोडाक्षरांचे आधी द्वित्त, म्हणजे एकाच व्यंजनाची जोडी, झाले आणि मग ते द्वित्त गळून आधीचा स्वर दीर्घ झाला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. याच वाटेवर मराठीची एक खास खूण आहे. दोन स्वरांमध्ये एकटा ‘ल’ असेल तर त्याचा ‘ळ’ होतो: फल-फळ, मूल-मूळ, नल-नळ. पण ‘ल’ दुहेरी असेल तर तो ‘ल’च राहतो. संस्कृत ‘तैल’ प्राकृतात ‘तेल्ल’ झाला, म्हणून आपण ‘तेळ’ म्हणत नाही, ‘तेल’ म्हणतो.

कामाच्या पहिल्या वर्षी मी ‘काल’ आणि ‘काळ’ या दोन नोंदी एकाच शब्दाखाली घातल्या होत्या, कारण दोन्हींचा संबंध वेळेशी आहे. ज्या ज्येष्ठ संपादकांच्या हाताखाली मी शिकत होतो, त्यांनी त्या कागदावर काही न लिहिता फक्त ‘फळ’ आणि ‘तेल’ हे दोन शब्द लिहून तो परत केला. मला समजायला एक दिवस लागला. ‘काळ’ हा संस्कृत ‘काल’पासून आला, एकट्या ‘ल’चा ‘ळ’ होऊन. आदल्या दिवसाचा ‘काल’ हा मात्र संस्कृत ‘कल्य’पासून आहे, ज्याचे प्राकृतात ‘कल्ल’ झाले आणि दुहेरी ‘ल’मुळे मराठीत ‘ल’ टिकला. अर्थ शेजारी असले तरी शब्द वेगळे आहेत, आणि हे एका अक्षराने सांगितले.

‘न’ आणि ‘ण’ यांचेही असेच आहे, आणि इथे तर उलटापालट दिसते. संस्कृत ‘पानीय’मध्ये ‘न’ आहे, पण मराठीत आपण ‘पाणी’ म्हणतो. संस्कृत ‘पर्ण’ आणि ‘कर्ण’ यांत ‘ण’ आहे, पण मराठीत ‘पान’ आणि ‘कान’. एकटा ‘न’ स्वरांमध्ये सापडला की ‘ण’ झाला, आणि ‘पण्ण’, ‘कण्ण’ यांतला दुहेरी ‘ण्ण’ सुटताना ‘न’ झाला. संस्कृताशी नुसते अक्षर जुळवून पाहणाऱ्याला ही अशुद्धता वाटते. प्रत्यक्षात ती मराठीची अत्यंत काटेकोर शिस्त आहे.

या शिस्तीचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा, की उशिरा आलेले पाहुणे तिच्यातून गेलेले नसतात. ‘दुकान’, ‘मैदान’ यांतला एकटा ‘न’ तसाच आहे. ‘मसाला’, ‘लिलाव’, ‘सलाम’ यांतला एकटा ‘ल’ तसाच आहे. म्हणजे हे शब्द मराठीत आले तेव्हा तो बदल घडून संपलेला होता. ‘दुकान’ अरबीतून फारसीमार्फत आला, ‘मसाला’ आणि ‘सलाम’ही अरबीच. ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लैलांव’पासून आहे, आणि तो पोर्तुगीजांनी स्वतः अरबीतून घेतला असे मानतात. हिंदीत त्याचे ‘नीलाम’ झाले; मराठीने मात्र सुरुवातीचा ‘ल’ जपला, म्हणून आपले रूप मुळाच्या अधिक जवळ आहे.

हा नियम म्हणजे यंत्र नव्हे, हेही सांगायला हवे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’पासून आलेला, म्हणजे नक्कीच उशिराचा आहे, आणि तरी त्यात ‘ळ’ आहे. बोलणाऱ्यांच्या कानाला ओळखीचा शेवट सोयीचा वाटला की ते पाहुण्या शब्दालाही तो देतात. म्हणून एकट्या ‘ळ’वरून शब्द जुना ठरवू नये, आणि एकट्या ‘ल’वरून परका ठरवू नये. संस्कृत ग्रंथांतून नंतर जसेच्या तसे उचललेले शब्दही या नियमातून गेलेले नाहीत. ‘जन’ आणि ‘जण’ मराठीत शेजारी शेजारी नांदतात ते यामुळेच. ध्वनीची साक्ष इतर दोन साक्षींबरोबर तोलायची असते.

पोर्तुगीज शब्दांत दुसऱ्या साक्षीचा, म्हणजे वस्तूच्या आणि व्यवसायाच्या इतिहासाचा, उपयोग सर्वांत चांगला दिसतो. तुमच्या मुलीच्या यादीतले हे शब्द वेगळे काढा: चावी, बिजागरी, घमेले, पिंप, परात, बादली, फीत, पगार, तुरुंग, मेस्त्री. यांत सुतार, गवंडी, शिंपी, नोकर आणि शिपाई यांचे जग दिसते. ‘बिजागरी’ पोर्तुगीज ‘बिझाग्रा’, ‘घमेले’ ‘गामेला’ म्हणजे लाकडी परडी किंवा कठवत, ‘परात’ ‘प्रातो’ म्हणजे ताट, ‘पिंप’ ‘पीपा’, ‘फीत’ ‘फीता’, ‘मेस्त्री’ ‘मेस्त्रे’ म्हणजे उस्ताद. ‘पागार’ हे पोर्तुगीज क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणे; मजुरांनी ते महिन्याच्या शेवटी इतक्यांदा ऐकले की मराठीत ते पैशाचेच नाव झाले. ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा. त्याचा आपल्याकडे ‘तुरुंग’ झाला. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबॅस्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. या विषयावरच्या आजच्या बऱ्याच विधानांच्या मुळाशी त्यांची ती मेहनत आहे.

‘चावी’कडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. आजच्या लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव’ असे काहीसे म्हणतात, सुरुवातीला ‘श’. मग आपल्याकडे ‘च’ कुठून आला? पोर्तुगीज लोक हिंदुस्थानात आले तेव्हा ते अक्षर ‘च’ असेच उच्चारत. ‘श’ हा उच्चार त्यांच्या देशात पुढे पसरला. म्हणजे लिस्बनने टाकून दिलेला चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार आपण रोज कुलूप उघडताना वापरतो. ‘कुलूप’ मात्र वेगळ्या घरचे: अरबी ‘कुफ्ल’ फारसीमार्फत आला आणि त्यातल्या ‘फ’ आणि ‘ल’ यांची जागा बदलून, ‘फ’चा ‘प’ होऊन ‘कुलूप’ झाले. अशी अदलाबदल अपवादात्मक नाही. पोर्तुगीज ‘बाल्दे’चे मराठीत ‘बालदी’ही झाले आणि ‘बादली’ही. एकाच दारावर पोर्तुगीज बिजागरी, अरबी कुलूप आणि पोर्तुगीज चावी आहे, आणि दार हे संस्कृत ‘द्वार’चे आहे. हे चित्र मुलीने तक्त्याच्या वर काढले तर फार छान दिसेल.

आता जिथे निश्चित उत्तर देता येत नाही ते शब्द. ‘साबण’ पोर्तुगीज ‘साबांव’पासूनही येऊ शकतो आणि अरबी-फारसी ‘साबून’पासूनही. किनाऱ्यावर पहिली वाट खुली होती, देशावर दुसरी. दोन्ही शब्दांचा पूर्वज एकच आहे, लॅटिन ‘सापो’. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तो पदार्थ गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, लोकांचा म्हणून सांगतो. एकाच आजीची दोन नातवंडे वेगवेगळ्या गावांहून आपल्या घरी आली, आणि कोण आधी आले हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, अशी ही स्थिती आहे. ‘चहा’चेही तसेच. चीनमधल्या दोन बोलींमध्ये या पेयाची दोन नावे होती. ‘ते’ हे फुजियानच्या किनाऱ्यावरून डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेले आणि इंग्रजीचे ‘टी’ झाले. ‘चा’ हे खुश्कीने मध्य आशियातून फारसीत पोहोचून ‘चाय’ झाले, आणि समुद्रमार्गे मकावहून पोर्तुगीजांनी ‘चा’ असेच उचलले. हिंदीचा ‘चाय’ फारसीकडून आला हे त्यातल्या ‘य’वरून दिसते. मराठीच्या ‘चहा’त तो ‘य’ नाही, म्हणून समुद्राची वाट शक्य आहे. पण ‘य’ नसलेले रूप फारसीतही होते, म्हणून ती सिद्ध नाही. अशा शब्दांपुढे मी दोन्ही शक्यता लिहितो आणि त्यांचा सामाईक पूर्वज लिहितो. मुलीनेही तसेच करावे. शिक्षकांनी एकच उत्तर मागितले, तरी तिने आपले कारण सांगावे. एकच उत्तर लिहिण्यापेक्षा ते अधिक अचूक आहे.

नवी वस्तू नवे नाव घेऊनच येते असेही नाही. मिरची ही अमेरिकेतली, पोर्तुगीजांमार्फत आलेली. तरी तिचे नाव परके नाही. आपल्याकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता, संस्कृत ‘मरिच’. त्याच नावावरून नव्या तिखट शेंगेला ‘मिरची’ म्हटले गेले. हिंदीने बटाट्याच्या बाबतीत हेच केले. कंदाला असलेला जुना ‘आलू’ हा शब्द नव्या कंदाला दिला. मराठीत तोच शब्द ‘रक्तालू’पासून झालेल्या ‘रताळ्या’त लपलेला आहे. म्हणजे ज्या भाषेत ‘बटाटा’ हा मूळचा रताळ्याचा शब्द नव्या कंदाला मिळाला, तिच्यात रताळ्याला संस्कृत नाव उरले.

दक्षिणेकडची वाट याद्यांमध्ये नेहमी तोकडी असते, आणि याचे मला वाईट वाटते, कारण हे नाते सर्वांत जवळचे आणि सर्वांत जुने आहे. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही नाती कन्नडमध्ये याच अर्थाने आहेत. ‘चेंडू’ कन्नडमध्ये ‘चेंडु’ आहे. कन्नडमध्ये सुपारीला ‘अडके’ म्हणतात, आणि तो शब्द ‘अडकित्त्या’च्या पहिल्या अर्ध्या भागात बसलेला आहे. त्याचाच मल्याळम भाऊ ‘अडक्का’ पोर्तुगीजांनी उचलला आणि ‘अरेका’ म्हणून युरोपात नेला. सुपारीच्या झाडाचे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडले आहे. ‘तूप’ कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे. हिंदीचा ‘घी’ संस्कृत ‘घृत’पासून आला, पण मराठीने ती वाट घेतली नाही. ‘तुप्प’ प्राकृतातही आढळतो, त्यामुळे मराठीला तो थेट कन्नडकडून मिळाला की प्राकृताने आधी उचललेला वारशात मिळाला, हे नक्की ठरवता येत नाही. शब्दाचे घर दक्षिणेचे आहे याबद्दल मात्र मला शंका वाटत नाही.

आता ‘नेम’ आणि ‘नाम’. संस्कृत ही इंग्रजीची आई नाही. संस्कृतचे अभ्यासक असलेले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले तसे, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका जुन्या, बहुधा आता न उरलेल्या भाषेच्या लेकी आहेत. इंग्रजी त्याच कुळातली. ‘नाम’ आणि ‘नेम’ ही भावंडे आहेत. पण संस्कृतातून खरोखर प्रवास करून युरोपात गेलेले शब्दही आहेत, आणि दोहोंतला फरक पुन्हा ध्वनीच सांगतो. कुळातल्या जुन्या शब्दांत आपल्या ‘प’समोर इंग्रजीत ‘फ’ येतो: पाद आणि फूट, पितृ आणि फादर, पंच आणि फाइव्ह. मिऱ्याच्या इंग्रजी नावात, म्हणजे ‘पेपर’मध्ये, मात्र ‘प’ शाबूत आहे. कारण तो शब्द वारशाचा नाही, व्यापाराचा आहे. संस्कृत ‘पिप्पली’, म्हणजे आपली पिंपळी, ग्रीकमध्ये ‘पेपेरी’, लॅटिनमध्ये ‘पिपेर’ आणि तिथून इंग्रजीत गेली, तोवर तिकडचा ‘प’चा ‘फ’ होऊन गेलेला होता. आपल्या ‘दुकाना’तला ‘न’ जे सांगतो तेच तिकडे पेपरमधला ‘प’ सांगतो. संस्कृत ‘शर्करा’ही अशीच गेली. घरी राहिली ती ‘साखर’ झाली, फारसीत गेली ती ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, आणि तिथून इंग्रजीच्या ‘शुगर’पर्यंत पोहोचली.

तुम्ही तक्त्यात तिसरा रकाना ‘खरा अर्थ’ असा ठेवला आहे, त्याला ‘जुना अर्थ’ म्हणा. शब्दाचा खरा अर्थ म्हणजे आज बोलणारे लोक त्याला जो देतात तो. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे-शिकवणे, आणि हिंदीत आजही तसेच आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि मराठी माणूस तिथे चुकत नाही. फारसीत ‘खूब’ म्हणजे चांगला; मराठीत ‘खूप’ म्हणजे पुष्कळ, मग ते दुःख का असेना.

या ‘खूप’वरून तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. खूप, फक्त, वगैरे, बाकी, जरा हे शब्द वस्तूंची नावे नाहीत. ते वाक्याच्या आतल्या घरात वावरतात, आणि तरी फारसी-अरबीतून आलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातून ‘सेनापती’, ‘अमात्य’, ‘सचिव’ ही नावे प्रतिष्ठित झाली. पण ‘पंतप्रधान’ असे अधिकृत नाव असूनही लोक ‘पेशवा’च म्हणत राहिले. भाषा काय ठेवते आणि काय सोडते हे अखेर बोलणारे ठरवतात. मुलीला हे सांगा, की हात, कान, पाय, दूध, पाणी, आठ, नऊ, खाणे, जाणे, येणे हे सगळे मराठीने प्राकृताच्या वाटेने वारशात मिळवले आणि आपल्या नियमांनी घडवले. आणि जे बाहेरून आले त्यांनाही तिने आपली शिस्त लावली. पोर्तुगीजमध्ये नपुंसकलिंग नाही. ‘गामेला’ तिथे स्त्रीलिंगी आहे. मराठीत ते घमेले झाले, अनेकवचनी घमेली, आणि ‘घमेल्यात’ म्हणताना त्याचे सामान्यरूपही होते. अरबीतून फारसीमार्फत आलेल्या ‘खर्च’पासून आपण ‘खर्चणे’ आणि ‘बदल’पासून ‘बदलणे’ ही क्रियापदे केली. ‘पगारातून साबण आणला’ या वाक्यात दोन्ही नामे पाहुणी असू शकतील, पण ‘-तून’ आणि ‘आणला’ मराठी आहेत, आणि वाक्य त्यांच्यामुळे उभे आहे.

घरी पडताळणी करायची असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची, आणि तो इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतो. तो बऱ्याच शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा खुणा देतो. त्याची व्युत्पत्ती काही ठिकाणी आता मान्य नाही, पण एखादा शब्द तेव्हा वापरात होता की नाही आणि कोणत्या अर्थाने, याचा तो भरवशाचा साक्षीदार आहे. त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश पाहावा. दोन कोश जुळले नाहीत तर वर सांगितलेल्या तीन साक्षी स्वतः तपासून पाहा. सातवीतल्या मुलीला ते नक्की जमेल.

शेवटी तुम्ही वेगळा विचारलेला ‘पेरू’. तुमच्या सासूबाई सावंतवाडीच्या, त्या ‘पेर’ म्हणतात, आणि घरात सगळे ते चुकीचे समजतात असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते सासूबाईंचे रूप मुळाच्या जवळ आहे. हे फळ अमेरिकेतले असल्यामुळे त्याचे नाव पेरू देशावरून पडले, असे पुष्कळ जण सांगतात. पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ हा शब्दही आहे, पण तो टर्की पक्ष्याचे नाव आहे. पेरूच्या फळाला ते ‘गोयाबा’ म्हणतात. दुसरीकडे पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती, आकाराने पेरूसारखेच फळ, आणि गोव्याच्या कोकणीत पेरूला ‘पेर’च म्हणतात. गोव्यात नाताळात पेरूचा गर साखरेत आटवून घट्ट वड्या पाडतात. त्यांना ‘पेराद’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये ‘पेरादा’ हे नासपतीच्या अशाच मिठाईचे नाव आहे, आणि ब्राझीलमध्ये पेरूची तीच मिठाई ‘गोयाबादा’ म्हणवते. गोव्याच्या स्वयंपाकघरांनी नासपतीच्या मिठाईचे नाव पेरूच्या मिठाईला दिले, ते फळालाही नासपतीचेच नाव मिळाले होते म्हणून. ‘पेर’चा मराठीत ‘पेरू’ होताना शेवटचा ‘ऊ’ कसा लागला, आणि त्यात देशाच्या नावाचा काही हात आहे का, हा भाग उघडाच राहतो. तेव्हा त्या ओळीत ‘पोर्तुगीज पेरा, गोव्याच्या कोकणी पेरमार्फत’ असे लिहून पुढे ‘बहुधा’ घाला, आणि पुराव्याच्या जागी सासूबाईंचा उच्चार नोंदवा.